‘बाल’ या संज्ञेचा पुनर्विचार

१

मराठी समीक्षेने ग्रंथांची विभागणी दोन अंगांनी केलेली आहे. एक विभागणी वाचकाच्या वयाची : बालसाहित्य, कुमारसाहित्य आणि प्रौढांसाठीचे साहित्य. दुसरी विभागणी विषयाची : कथात्म साहित्य, इतिहास आणि विज्ञान. या दोन्ही विभागण्या ग्रंथालयाच्या कपाटांसाठी उपयुक्त आहेत. परंतु त्यांतून प्रत्येक कप्प्याचे एक स्वतंत्र मूल्यमाप रूढ झाले आणि ते बहुधा तपासले गेले नाही. बालसाहित्याचे मूल्यमापन सुबोधतेने आणि संस्कारक्षमतेने होते, ऐतिहासिक कादंबरीचे कलात्मकतेने, इतिहासग्रंथाचे साधननिष्ठेने आणि विज्ञानविषयक पुस्तकाचे अचूकतेने. मुलांसाठी लिहिलेले इतिहासाचे पुस्तक, विज्ञानाचा आधार घेणारी कथा, किंवा प्रौढांनी इतिहास म्हणून वाचलेली कादंबरी असे लेखन दोन कप्प्यांच्या सीमेवर पडते. त्याची जबाबदारी मग कोणत्याच मापाकडे उरत नाही. बालसाहित्याचा परीक्षक ते भाषेच्या दृष्टीने वाचतो, इतिहासकार ते वाचीत नाही आणि वैज्ञानिक त्याची दखल घेत नाही.

या अडचणीचे मूळ ‘बाल’ या संज्ञेच्या संकुचित अर्थात आहे. आज ‘बाल’ म्हणजे वयाने लहान एवढाच अर्थ शिल्लक आहे. शास्त्रपरंपरेत हा शब्द वेगळ्या अर्थाने वापरला जात असे. अन्नंभट्टाने तर्कसंग्रह बालांसाठी रचला. त्यावरील टीकाकार ‘बाल’ शब्दाची जी व्याख्या करतात तिच्यात वयाचा उल्लेख नाही. ज्याने व्याकरण, काव्य, कोश यांचे अध्ययन केले आहे, पण न्यायशास्त्राचे केलेले नाही, तो येथे ‘बाल’. म्हणजे बालपण ही व्यक्तीची अवस्था नसून व्यक्ती आणि विषय यांच्यातील एक संबंध आहे. पन्नाशीचा वैयाकरण न्यायशास्त्रापुढे बाल असू शकतो. मराठीने देवनागरी लिपीला ‘बालबोध’ हे नाव दिले, त्यातही नवशिक्याला कळणारी हाच भाव आहे.

हा जुना अर्थ समीक्षेने पुन्हा स्वीकारला, तर कथा, इतिहास आणि विज्ञान या तिन्ही क्षेत्रांतील लेखनाला एकच प्रश्न विचारता येतो : ज्या विषयात आपला वाचक बाल आहे, त्या विषयात हे लेखन त्याच्याशी कसे वागते? या प्रश्नाची चाचणी घेण्यासाठी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगड तालुका सोयीचा आहे. दर्पणकार बाळशास्त्री जांभेकरांचे पोंभुर्ले आणि विंदा करंदीकरांचे धालवली ही गावे याच तालुक्यातील. ज्याच्याविषयी मुलांना आणि प्रौढांना एकच आख्यायिका सांगितली जाते तो विजयदुर्गही येथलाच. जामसंडे येथील शाळेतल्या मुलाला पुस्तकात वाचलेली गोष्ट आणि ती जिच्याविषयी आहे ती वास्तू, ही दोन्ही एका सहलीच्या अंतरात सापडतात. मजकूर आणि वस्तू यांची अशी समोरासमोर गाठ पडण्याची सोय फार थोड्या ठिकाणी असते.

२

बाळशास्त्री जांभेकर यांचे कार्य सांगताना ‘दर्पण’चा उल्लेख प्रथम होतो, आणि ते योग्यच आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी निघालेल्या या पत्रात इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत छापला जाई. परंतु त्यांची ग्रंथरचना एकत्र ठेवून पाहिली म्हणजे वेगळे चित्र दिसते. ‘नीतिकथा’, ‘बालव्याकरण’, ‘इंग्लंड देशाची बखर’, ‘हिंदुस्थानचा इतिहास’, भूगोलविषयक पुस्तके आणि कलनशास्त्रावरील ‘शून्यलब्धि’ ही एकाच लेखकाची निर्मिती आहे. कथा, इतिहास आणि गणित यांना येथे वेगवेगळे लेखक नाहीत. १८४० मध्ये त्यांनी सुरू केलेल्या ‘दिग्दर्शन’ मासिकातही इतिहास, भूगोल आणि पदार्थविज्ञान हे विषय शेजारी नांदत होते. ज्ञानेश्वरीची १८४५ ची मुद्रित आवृत्तीही त्यांच्याच हातून निघाली. जेमतेम पस्तिशीच्या आतच, १८४६ मध्ये, त्यांचा मृत्यू झाला.

या विविधतेचे स्पष्टीकरण सामान्यतः बाळशास्त्र्यांच्या अलौकिक बुद्धिमत्तेने दिले जाते. ते अपुरे आहे. बुद्धिमत्तेने लेखकाची क्षमता सांगता येते, वाचकाची गरज सांगता येत नाही. मुद्रणाच्या त्या पहिल्या पिढीत मराठी गद्याचा वाचक बहुतांशी विद्यार्थी होता. मात्र तो वयाने लहान असेलच असे नव्हते. पाठशाळेत शिकलेला शास्त्री पाश्चात्त्य भूगोलासमोर बाल होता. एल्फिन्स्टन संस्थेतील तरुण ताम्रपटाच्या लिपीसमोर बाल होता. त्यामुळे ‘बालव्याकरण’ या नावातील ‘बाल’ शब्दात दोन्ही अर्थ एकत्र नांदताना दिसतात. सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे ‘बाळमित्र’ हे १८२८ चे भाषांतर वयाने लहान असलेल्यांसाठीच होते हे खरे. पण त्याही पुस्तकाने मराठी गद्याला जे वळण लावले ते मुलांच्या कपाटापुरते राहिले नाही.

‘इंग्लंड देशाची बखर’ हे शीर्षक या दृष्टीने विचारात घेण्यासारखे आहे. परक्या देशाचा इतिहास सांगताना ‘बखर’ हा मराठी वाचकाला ठाऊक असलेला वाङ्मयप्रकार लेखकाने स्वीकारला. अपरिचित आशय परिचित रूपबंधातून पोचविण्याची ही युक्ती आहे. बालांसाठी लिहिणाऱ्याला ती करावीच लागते. पण या युक्तीत एक धोकाही आहे. बखरीच्या रूपाबरोबर बखरीचा विश्वासही येतो, म्हणजे सांगणाऱ्याच्या शब्दावर ऐकणाऱ्याने ठेवायचा विश्वास. बाळशास्त्र्यांच्या कार्यात या धोक्याला एक प्रतिभार आहे. शाळेसाठी इतिहास लिहिणारा हाच लेखक मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या शाखेच्या नियतकालिकात प्राचीन लेखांवर संशोधनपर लिहीत होता, आणि कुलाबा वेधशाळेच्या कामाशीही त्याचा संबंध होता. सोप्या पुस्तकाचा कर्ता मूळ साधनांपर्यंत स्वतः गेलेला होता. सुबोध लेखनाच्या मागे असलेले हे साधनांचे बळ वाचकाला दिसत नाही, पण मजकुराची विश्वसनीयता त्यावरच उभी असते.

विनायक कोंडदेव ओक यांच्या १८८१ मध्ये सुरू झालेल्या ‘बालबोध’ मासिकाने चरित्र, कविता, निबंध आणि शास्त्रीय विषय यांची सांगड पुढेही कायम ठेवली. मात्र येथून पुढे वाचकाचे वय हळूहळू निर्णायक होत गेले. विसाव्या शतकात बालसाहित्य हा स्वतंत्र प्रवाह म्हणून प्रतिष्ठित झाला, त्याला भा. रा. भागवतांसारखे सामर्थ्यवान लेखक लाभले, आणि मुलाचे भावविश्व ही गोष्ट वाङ्मयविचारात प्रथमच गांभीर्याने आली. हा लाभ मोठा आहे. त्याच वेळी ‘बाल’ शब्दाचा दुसरा अर्थ मावळला आणि प्रौढ वाचक सर्वच विषयांत प्रौढ असतो असे गृहीत धरले जाऊ लागले. हे गृहीतक किती फसवे आहे, याचे प्रत्यंतर विजयदुर्गाच्या आख्यायिकेत मिळते.

३

ही आख्यायिका थोडक्यात अशी : १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी नॉर्मन लॉकियर या इंग्रज ज्योतिर्विदाने विजयदुर्ग किल्ल्यावरून निरीक्षण केले आणि तेथेच हेलियमचा शोध लागला. किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ म्हणून ओळखले जाणारे चौथरे याचा पुरावा म्हणून दाखविले जातात. या तिथीला किल्ल्यावर हेलियम दिन साजरा करण्याचाही उपक्रम सुरू झाला. शाळकरी मुलगा ही गोष्ट सहलीत ऐकतो, त्याचे पालक ती पर्यटनाच्या माहितीत वाचतात. दोघांना मिळणारा मजकूर अक्षरशः एकच असतो.

वस्तुस्थिती निराळी आहे. १८ ऑगस्ट १८६८ रोजी लॉकियर भारतात नव्हता. त्या दिवशी फ्रेंच ज्योतिर्विद पिएर जान्सेन गुंटूर येथे होता. सौरज्वालांच्या वर्णपटातील तेजस्वी रेषा पाहून त्याच्या लक्षात आले की त्या ग्रहणाविनाही पाहता येतील, आणि दुसऱ्या दिवशी त्याने तसे करून दाखविले. मच्छलीपट्टणम येथून नॉर्मन पॉग्सन यानेही त्याच ग्रहणाचे निरीक्षण केले. लॉकियरने इंग्लंडमध्ये, ग्रहण नसताना, २० ऑक्टोबर १८६८ रोजी स्वतंत्रपणे सौरज्वालांचा वर्णपट मिळविला. जान्सेन आणि लॉकियर यांची पत्रे पॅरिसच्या अकादमीपुढे एकाच दिवशी आली आणि फ्रेंच शासनाने दोघांच्या प्रतिमा असलेले पदक काढले. त्या वर्णपटात सोडियमच्या दोन पिवळ्या रेषांजवळ, पण त्यांच्याशी न जुळणारी, एक तिसरी पिवळी रेषा होती. ती पृथ्वीवर अज्ञात असलेल्या मूलद्रव्याची असावी या निष्कर्षाला लॉकियर आला आणि ग्रीक सूर्यदेवतेच्या नावावरून त्या द्रव्याला हेलियम हे नाव मिळाले. अनेक रसायनशास्त्रज्ञांनी या कल्पनेवर दीर्घकाळ विश्वास ठेवला नाही. १८९५ मध्ये विल्यम रॅमझे याने एका युरेनियमयुक्त खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेषा पाहिली, तेव्हा कोठे प्रश्न मिटला.

लॉकियर विजयदुर्गास आला तो यानंतर, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. त्याच्या साहाय्याला ‘मेल्पोमिनी’ या ब्रिटिश युद्धनौकेवरील अधिकारी आणि खलाशी होते. याच ग्रहणासाठी पुण्याचे प्रा. कावसजी नायगमवाला यांनी जेऊर येथे तळ टाकला होता. म्हणजे किल्ल्यावरील साहेबाच्या स्मृतीमागे लॉकियरची खरी भेट आहे आणि ग्रहणही आहे. फक्त तीस वर्षांनी अलग असलेल्या दोन ग्रहणांची लोकस्मृतीने एकच गोष्ट केली आणि दोहोंच्या मधला शोध त्या गोष्टीत घातला.

समीक्षेच्या दृष्टीने प्रश्न केवळ चुकीचा नाही, चूक कोणत्या आकाराची आहे याचा आहे. आख्यायिकेला एक स्थळ, एक नायक आणि एक दिवस लागतो. लोककथेचा हा संकेत आहे आणि लोककथेत तो दोष नव्हे. वस्तुस्थितीला मात्र निदान चार स्थळे, अनेक माणसे आणि १८६८ ते १८९८ असा तीस वर्षांचा काळ लागतो. सुबोधतेच्या नावाखाली पहिला आकार निवडला जातो. येथे ‘सुबोधता’ या शब्दाखाली दोन भिन्न क्रिया मिसळल्या जातात हे लक्षात घेतले पाहिजे. भाषा सोपी करणे ही एक क्रिया, वस्तुस्थिती सोपी करणे ही दुसरी. पहिली वाचकाच्या वयाशी संबंधित आहे. दुसरीचा संबंध लेखकाच्या श्रमाशी किंवा श्रमटाळूपणाशी आहे.

शिवाय वस्तुस्थितीची कथा कथनाच्या दृष्टीनेही अधिक समर्थ आहे. आख्यायिकेत मुलाला मिळते ते केवळ अभिमानाचे वाक्य. वस्तुस्थितीत त्याला एक कोडे मिळते : इतरांना जे पाहण्यासाठी चंद्राने सूर्य झाकण्याची वाट पाहावी लागली, ते इंग्लंडात बसलेल्या माणसाने ग्रहणाशिवाय कसे पाहिले? उत्तर वर्णपटदर्शकाच्या अरुंद फटीत आहे. आकाशातील विखुरलेला प्रकाश अनेक रंगांत पसरून फिका होतो, सौरज्वालेचा प्रकाश मोजक्या रेषांत एकवटून राहतो. सूर्यबिंबाच्या कडेवर फट नेमकी धरली की त्या रेषा फिक्या पार्श्वभूमीवर उठून दिसतात. दहा वर्षांच्या मुलाला हे समजावता येते. पन्नास वर्षांच्या वाचकालाही ते समजावावे लागते, कारण वर्णपटाच्या बाबतीत दोघेही बाल आहेत. प्रौढ वाचकाला आपण बाल आहोत हे सांगितलेच जात नाही, एवढाच फरक. आणि म्हणून तो अधिक असुरक्षित असतो.

४

इतिहास आणि विज्ञान यांच्या सीमेवर कथात्म साहित्य काय करू शकते, याचे एक उदाहरण जयंत नारळीकर यांच्या लेखनात आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठविली आणि तिला पारितोषिक मिळाले. तेव्हापासून २०२५ मध्ये झालेल्या त्यांच्या निधनापर्यंत संशोधन, ललित लेखन आणि विज्ञानप्रसार या तिन्ही क्षेत्रांत त्यांचा वावर राहिला. येथे प्रस्तुत आहे ती ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका अपघातानंतर अशा मुंबईत जातात, जेथे १७६१ चे पानिपत मराठ्यांनी जिंकलेले आहे. या कथेचे इंग्रजी रूप पुढे अकरावीच्या पाठ्यपुस्तकात समाविष्ट झाले. म्हणजे मूळची सर्वसामान्य वाचकांसाठी असलेली कथा विद्यार्थ्यांचीही झाली.

या कथेवर पात्रे सपाट असल्याचा आणि शेवटचे स्पष्टीकरण व्याख्यानासारखे असल्याचा आक्षेप घेता येतो. व्यक्तिचित्रणप्रधान कथेचे माप लावल्यास तो मान्यही करावा लागेल. परंतु ‘बाल’ या संज्ञेच्या व्यापक अर्थाने पाहिले असता कथेची रचना वेगळी उलगडते. परक्या मुंबईत सापडलेला इतिहासकार ग्रंथालयात जातो. इतिहास आपल्याला ठाऊक असलेल्या वाटेवरून नेमका कोठे वळला, याचा तो खंडामागून खंड शोध घेतो. परत आल्यावर त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायला कोणी बांधील नाही, म्हणून खिशातून निघालेले बखरीचे पान निर्णायक ठरते. नंतर त्याचा वैज्ञानिक मित्र पुंजभौतिकीच्या आधारे या अनुभवाचा अर्थ सांगू लागतो. तेव्हा आतापर्यंत ज्ञाता असलेला गंगाधरपंत बाल होतो आणि प्रश्न विचारू लागतो. त्याआधी पुराव्याच्या पानासमोर मित्र बाल होता. ज्ञात्याची आणि बालाची जागा अशी आलटूनपालटून बदलत राहणे हाच या कथेचा खरा रूपबंध आहे. शेवटचे स्पष्टीकरण त्यामुळे उपरे ठरत नाही.

बाळशास्त्र्यांच्या पुस्तकात ‘बखर’ हे वाचकाला आपलेसे वाटणारे रूप होते. नारळीकरांच्या कथेत बखर ही तपासावयाची वस्तू झाली आहे. मराठी गद्याने सुमारे दीड शतकात केलेला हा प्रवास बालसाहित्य, ऐतिहासिक साहित्य, विज्ञानसाहित्य अशा तीन कप्प्यांत विभागून वाचला तर दिसतच नाही.

या कथेच्या तुलनेत लोकप्रिय ऐतिहासिक कादंबरीचा विचार करता येईल. ‘स्वामी’ (१९६२) आणि ‘छावा’ (१९७९) या कादंबऱ्यांनी मराठी वाचकांच्या पिढ्यांची इतिहासाविषयीची प्रतिमा घडविली. कागदपत्रांतून आलेले आणि कल्पनेतून आलेले यांमधील शिवण दिसू न देणे हा या वाङ्मयप्रकाराचा हक्क आहे. त्याशिवाय त्याचा रसपरिपोष होणार नाही. परंतु वाचक ती इतिहास म्हणून वाचू लागतो तेव्हा तो नकळत बाल झालेला असतो, आणि त्याला तसे सांगण्याचे काम कादंबरीकाराचे नसले तरी समीक्षकाचे आहे. मुलांसाठी लिहिलेल्या इतिहासाला ‘काल्पनिक’ म्हणून कमी लेखणारी समीक्षा प्रौढांच्या कादंबरीला मात्र ‘कलाकृती’ म्हणून त्या तपासणीतून सूट देते, ही विसंगती आहे.

कल्पनेची शिवण उघडी ठेवूनही आनंद देता येतो, हे विंदा करंदीकरांच्या बालकवितेने सिद्ध केले. ‘एटू लोकांचा देश’, ‘परी ग परी’, ‘अजबखाना’ या संग्रहांतील असंभाव्य जग हा नियमबद्ध खेळ आहे. हे असे नसते, हे मुलाला ठाऊक आहे असे कवी गृहीत धरतो आणि त्या ठाऊक असण्यावरच गंमत उभी करतो. ही बालकविता लिहिणाऱ्यानेच ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र मराठीत आणले, आणि ‘अष्टदर्शने’त सात पाश्चात्त्य तत्त्वज्ञ व चार्वाक यांची दर्शने पद्यात मांडली. तत्त्वज्ञान न शिकलेल्या प्रौढासाठी केलेले हे लेखन शास्त्रीय अर्थाने बालांसाठीच आहे. विंदांच्या बालकवितेवर एका ठिकाणी आणि ‘अष्टदर्शने’वर दुसऱ्या ठिकाणी लिहिण्याची प्रथा या दोहोंमधील समान वृत्ती झाकून टाकते. ही वृत्ती म्हणजे वाचकाच्या विचारशक्तीविषयीचा आदर.

५

या भूमिकेवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की प्रत्येक वाचक कोठे ना कोठे बाल असेल, तर मुलांच्या साहित्याचे वेगळेपण नाहीसे होते. तसे होत नाही. वाक्याची लांबी, शब्दकळा, भयाचे आणि क्रौर्याचे प्रमाण, चित्रांचे स्थान, लक्ष टिकण्याची मर्यादा यांचा निर्णय वयानेच व्हावा. वयाने ठरवायचे नाही ते एकच : पुराव्याचे प्रमाण. किंबहुना वाचक जितका बाल, तितकी लेखकाची जबाबदारी वाढते, कारण तज्ज्ञ वाचक चूक स्वतः हेरू शकतो, बाल वाचक तो मजकूर आयुष्यभर सांभाळतो.

दुसरा आक्षेप असा की पुराव्याच्या भाराने गोष्ट मोडते. टीपा आणि संदर्भ घातले तर ती मोडेल हे खरे आहे. पण मराठी भाषेने यावर फार जुना आणि हलका उपाय करून ठेवला आहे. ऐकीव गोष्ट सांगताना मराठी माणूस ‘म्हणे’ हा शब्द घालतो. एवढ्या एका शब्दाने निवेदक आपले प्रत्यक्ष ज्ञान आणि परंपरेने आलेले कथन यांची सीमा आखतो, आणि गोष्टीची लय बिघडत नाही. उलट आजीच्या गोष्टीची लय या ‘म्हणे’वरच चालते. विजयदुर्गाची आख्यायिका मौखिक रूपात असेल तेव्हा ‘म्हणे’सह असेल. छापील मजकुरात येताना तो शब्द गळतो, आणि ऐकीव कथन विधान बनते. लोककथा खोटी ठरली म्हणून ही हानी झाली असे नव्हे. लोककथेचे व्याकरण पुसून तिला माहितीचा वेष चढविला गेला, म्हणून ती झाली.

तेव्हा मुलांसाठी किंवा प्रौढांसाठी, कथेचे, इतिहासाचे किंवा विज्ञानाचे पुस्तक परीक्षणासाठी हाती येईल तेव्हा समीक्षकाने तीन गोष्टी पाहाव्यात. हे पुस्तक आपल्या वाचकाला कोणत्या विषयात बाल मानते, आणि त्याला तसे कळू देते काय? त्यातील सुलभीकरण भाषेचे आहे की वस्तुस्थितीचे? जेथे लेखक ऐकीवावर विसंबतो तेथे ‘म्हणे’ची खूण शिल्लक आहे काय? या कसोट्यांना साहित्यबाह्य म्हणून दूर सारता येणार नाही. निवेदकाचा वाचकाशी असलेला संबंध हा संहितेच्या रूपाचाच भाग आहे, आणि या कसोट्या तोच संबंध तपासतात. जामसंड्याची मुले विजयदुर्गाच्या ओट्यांपाशी उभी राहतील तेव्हा त्यांना १८९८ चे ग्रहण सांगायचे, १८६८ चे वर्णपट सांगायचे आणि या दोहोंची एक गोष्ट लोकांनी कशी केली हेही सांगायचे, असे पुस्तक मराठीत व्हावयास हवे. त्याचे परीक्षण बालसाहित्याच्या सदरात येते की इतिहासाच्या, हा प्रश्न दुय्यम आहे.